एक रुपयाचं काम नाही

माझी एक विमा पॉलिसी 2023 च्या ऑक्टोबरात मॅच्युअर झाली. मी झालो नाही. हे वाक्य माझं नाही, सौ.चं आहे. पण तेव्हापासून प्रत्येक लग्नामुंजीत ती ते इतक्या जणांना ऐकवते आहे की आता त्यावर माझाही थोडा हक्क झाला असावा.

पॉलिसीचे साडेसोळा लाख आले. त्यांची वाटणी घरात आधीच ठरलेली होती: आईचा मोतीबिंदू, बाल्कनीची ग्रिल आणि उरलेल्याची एफडी. यात माझं मत कोणी विचारलं नव्हतं आणि मीही दिलं नव्हतं, कारण माझ्याकडे मत नव्हतंच. ते आलं एका गुरुवारी रात्री, मेहुण्याच्या फोनवरून. एका काळ्या मर्सिडीजचा फोटो. साधीसुधी नाही, एस-क्लास. खाली लिहिलेलं: "2013, डिझेल, सिंगल ओनर, डॉक्टर युज्ड, 58,000 किमी, बटर कंडिशन. एक रुपयाचं काम नाही. 13.75 फिक्स." आणि त्याखाली मेहुण्याचा एकच शब्द: "दाजी?"

त्या प्रश्नचिन्हापायी मला रात्री दोनपर्यंत झोप लागली नाही.

हिशेब तर सोपा दिसत होता. ही गाडी नवी असताना रस्त्यावर आणायला कोटीच्या घरात पैसे लागत. आता पावणेचौदा लाख. तेवढ्यात नवी कोरी क्रेटा येते हे मलाही ठाऊक होतं, पण क्रेटा आमच्या सोसायटीत चार आहेत आणि त्यांतली एक ऑफिसात माझ्या हाताखाली काम करणाऱ्या मुलाची आहे.

इतकी स्वस्त का, याचं कारण मेहुण्याकडे तयार होतं. गाडी दिल्लीची. राजधानीच्या परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायच्या नाहीत, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2015 साली दिला आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्यामुळे तिथल्या बंगल्यांच्या दारातल्या भल्याभल्या गाड्या तेव्हा दहावा वाढदिवस आला की ना-हरकत पत्र गळ्यात बांधून परराज्यात धाडल्या जात. "दोष गाडीत नाही दाजी, दिल्लीच्या हवेत आहे," मेहुणा म्हणाला. मला पटलं. शिवाय त्याने न सांगितलेली एक गोष्टही मला पटली. ही मॉडेलं जोडली जायची ती आपल्या चाकणला. म्हणजे जन्म चाकणचा, नोकरी दिल्लीत आणि दहा वर्षांनी सेवानिवृत्त होऊन पुण्यात. पुण्याने आजवर कुठल्या पेन्शनराला नाही म्हटलंय?

आणि तसं पाहिलं तर आमची ओळख जुनी. 1995 साली या कंपनीची ई-क्लास पिंपरीत, टेल्कोच्या आवारात बनायला लागली, तेव्हा मी त्याच रस्त्याने लुनावरून कामाला जायचो. बोलणं तेवढं झालं नव्हतं.

*

जुनी गाडी बघायला जाताना तीन माणसं लागतात. एक गाडीतलं कळणारा, एक आपल्याला गाडीतलं कळतं असं वाटणारा आणि एक पैसे देणारा. दुसरी जागा मेहुण्याने केव्हाच पटकावली होती. तिसरा मी. पहिल्यासाठी नाना पेठेतले उस्ताद होते.

उस्ताद विशीत असताना जर्मन गाड्यांच्या एका वर्कशॉपात लागले, तिशीत स्वतःच्या गॅरेजात आले आणि आता साठीला टेकलेत. माझी 2010 ची वॅगनआर ते बघतात ते निव्वळ जुन्या ओळखीखातर, मोठ्या डॉक्टरांनी गल्लीतल्या पोराचं खरचटलेलं बघावं तसं. गाडी तपासायला यायचे ते दोन हजार घेतात. "घ्या म्हणायचे पैसे घेत नाही साहेब," त्यांनी फोनवरच सांगितलं, "नका घेऊ म्हणायचे घेतो."

चौथी म्हणून सौ. आली. तिला गाडीत रस नव्हता. ती एफडीच्या वतीने आली होती.

बाणेरला त्या जुन्या गाड्यांच्या दुकानाला दुकान म्हणायची सोय नव्हती. दर्शनी काच दुमजली, आत कॉफीचं यंत्र आणि रांगेत उभ्या इतक्या चकचकीत गाड्या, की आमची वॅगनआर बघून रखवालदाराने तिला मागच्या गल्लीत लावायला सांगितलं. काळ्या शर्टातला पंचविशीचा एक मुलगा पुढे आला. "सर, बटर आहे बटर," हे त्याचं नमस्काराऐवजीचं वाक्य होतं.

उस्तादांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. ते सरळ गाडीपाशी गेले आणि तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा बॉनेटवर तळहात ठेवला.

"गरम आहे."

"आत्ताच वॉशिंग करून आणली ना सर."

"धुतल्यावर गाडी गार होते," उस्ताद म्हणाले. "चहा आहे का? गार होऊ दे. आम्हाला घाई नाही."

यामागचं शास्त्र मला त्या दिवशी कळलं. रात्रभर थंड पडलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू होतं तेव्हाच काय ते खरं बोलतं. खडखडायचं असेल तर तेव्हा खडखडतं, धूर सोडायचा असेल तर तेव्हा सोडतं. एकदा गरम झालं की चारचौघांत वागावं तसं वागतं. पाहुणे यायच्या आधी घरातलं भांडण उरकून घेतात, तशी विकणारी मंडळी गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून घेतात. तेव्हा गाडी बघायला जायचं ते न कळवता, आणि कळवलंच तर गाडी गार होईपर्यंत चहा प्यायची तयारी ठेवून.

त्या मुलाला हा बेत आवडला नाही, आणि का आवडला नाही तेही लवकरच कळलं. उस्तादांनी बसण्याआधी चारही चाकांवर, टायर आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये हाताची बोटं घालून बघितली होती. चहाचा पहिला कप झाल्यावर ते उठले, पुन्हा बोटं घातली, परत येऊन बसले. या गाडीला पोलादी स्प्रिंगा नसतात, ती हवेवर तरंगते. चार कोपऱ्यांना रबरी फुगे, त्यांत हवा भरायला कॉम्प्रेसर. इंजिन चालू असेपर्यंत कॉम्प्रेसर गळती भरून काढत राहतो. बंद केलं की ज्याचं त्याचं खरं रूप. पाऊण तासाने मागचा डावा कोपरा हळूहळू, कोणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने, खाली बसायला लागला. लांबलेल्या भाषणात मागच्या रांगेतले आजोबा एका कुशीवर कलतात ना, अगदी तसा.

"सर, आत एसी लावून ठेवतो, मॅडमना गरम होत असेल," म्हणत मुलगा किल्ली घेऊन उठला.

"होत नाही," सौ. म्हणाली. एफडीच्या बाजूने पडलेलं ते पहिलं मत.

"आलो तेव्हा चार बोटं होती," उस्ताद मला म्हणाले. "आता तीन."

"एक बोट म्हणजे साधारण किती?"

"लाखाच्या आसपास."

*

मधल्या वेळात मेहुण्याने आपली तपासणी उरकायला घेतली होती. पत्र्याला पुट्टी भरलेली असली तर लोहचुंबक चिकटत नाही, हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं आणि घरच्या फ्रिजवरचा अष्टविनायकाचा चुंबक रुमालात गुंडाळून आणला होता. त्याने तो बॉनेटवर ठेवला. गणपती घसरून खाली पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. "दाजी!" अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असा तो ओरडला, "पुट्टी! नुसती पुट्टी! आख्खं बॉनेट पुट्टीचं आहे!"

काळ्या शर्टाच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं खरं हसू उमटलं. "सर, ॲल्युमिनियम आहे ते."

उस्तादांनीही मान हलवली. या गाडीचं बॉनेट वजन वाचवायला ॲल्युमिनियमचंच केलेलं असतं, त्याला चुंबक चिकटला असता तरच काळजीचं कारण होतं. मग त्यांनी खिशातून एक छोटं यंत्र काढलं. ते रंगाच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये सांगतं आणि ॲल्युमिनियमवरही चालतं. कारखान्याचा रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉनच्या आत-बाहेर असतो, वरून पुन्हा मारला की दोनशे-तीनशे होतो आणि पुट्टी असली की आकडा उड्या मारतो. बॉनेट 118. छत 124. उजवी दारं 130. मी प्रत्येक आकड्याला स्कोअर ऐकावा तशी मान डोलवत होतो. मागच्या डाव्या चाकावर यंत्र टेकवलं आणि 910 आलं.

"टच-अप आहे सर, थोडा," मुलगा म्हणाला.

"थोडा नाही, लापशी आहे," उस्ताद म्हणाले.

म्हणजे जो कोपरा खाली बसत होता, तोच कधीतरी कशाला तरी आपटला होता. इथे शहाण्या माणसाने पिशवी उचलून घरचा रस्ता धरला असता. माझ्या मनात मात्र भलतंच आलं. बिचारीला लागलं होतं की!

हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण गाडी तपासण्याच्या सगळ्या पद्धती सांगणारे असतात, पण तपासणाऱ्याचं तपासताना काय होतं ते कोणी सांगत नाही. दोष एकेक करून निघायला लागले तसतसा मी तिचा वकील होत गेलो. चार टायरांच्या कडेला कारखान्याचे चार-चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. उस्तादांनी खाली बसून वाचले: एक 2016 चा, दोन 2018 चे, एक 2021 चा, आणि कंपन्या तीन. "वेळच्या वेळी बदललेत म्हणजे," मी म्हणालो. उस्तादांनी माझ्याकडे बघितलं. नंतर त्यांनी बघणंही सोडून दिलं.

चेसी नंबराच्या वेळी मेहुण्याने पुन्हा नशीब आजमावलं. आरसी बुकातला नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर अक्षर-अक्षर जुळवायचा असतो, सतरा खुणांचा. मेहुणा टॉर्च धरून वाचत होता. मध्येच म्हणाला, "ओ." उस्ताद म्हणाले, "ओ नसतो त्यात. आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी घोळ नको म्हणून. शून्य म्हणा." मेहुणा शून्य म्हणाला आणि पुढचा अर्धा तास काहीच म्हणाला नाही. नंबर जुळला. मला सत्यनारायण पावल्यासारखं झालं.

*

गाडीच्या आत शिरलं की मात्र माणूस हरतो. दार लावायची गरज नाही, नुसतं टेकवायचं. शेवटचं बोटभर ते स्वतःच ओढून घेतं, घरातल्या सुनेने 'असू द्या, मी करते' म्हणावं तसं. लाकूड खरं, कातडं खरं. मी स्टिअरिंगच्या मागे बसलो आणि मला एकदम आपलं पोट आत घ्यावंसं वाटलं.

उस्ताद पुढे बसलेच नाहीत. ते मागचं दार उघडून डावीकडच्या सीटकडे बघत राहिले. आपल्याकडे या गाडीचा मालक बसतो तो मागे, डावीकडे. पुढे असतो तो ड्रायव्हर. त्यामुळे या गाडीचा इतिहास मागच्या डाव्या सीटवर लिहिलेला असतो. त्या सीटचं कातडं बसून बसून खोलगट झालं होतं, आणि समोरच्या सीटच्या पाठीवर बुटाच्या टोकांचे डाग होते.

"डॉक्टर स्वतः चालवायचे म्हणालात?"

"हो सर, एकदम शौकीन माणूस."

उस्तादांनी सीटमागच्या कप्प्यात हात घातला. आतून नोएडाच्या एका प्लॉटिंगचं पत्रक निघालं, आणि पान मसाल्याच्या तीन रिकाम्या पुड्या.

"पेशंटच्या असतील सर," मुलगा म्हणाला. या धंद्यात तो फार पुढे जाईल, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

मग उस्तादांनी नाक चालवायला घेतलं. गाडीत कसलासा गुलाबी सुगंध मारलेला होता, आणि सुगंधी गाडीवर त्यांचा विश्वास नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या दिवाळीत नाना पेठेत मुंबईच्या गाड्या अशाच अत्तर लावून आल्या होत्या, असं ते सांगतात. आणि 2023 च्या जुलैमध्ये खुद्द दिल्लीत यमुनेने 208.66 मीटरची विक्रमी पातळी गाठलेली. उस्तादांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. वरचा पट्टा रोज दिसतो म्हणून विकणारे तो धुतात. आत गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा धुवायचं कोणाला सुचत नाही, आणि पुराचा गाळ तिथेच सापडतो. मी श्वास रोखला. पट्टा स्वच्छ निघाला. चटईखाली हात घातला, कोरडं. सीटच्या नटबोल्टांवर गंज नाही.

"पाण्यात नव्हती," उस्ताद म्हणाले. मी काळ्या शर्टाशी हस्तांदोलन केलं. कशाबद्दल, ते आजही सांगता येणार नाही.

तेवढ्यात मागे बसलेल्या सौ.ने एक बटण दाबलं आणि मागच्या काचेचा काळा जाळीदार पडदा, नाटकाची तिसरी घंटा झाल्यासारखा, सुळकन वर आला. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटलं ते मी बघितलं आहे, ती काहीही म्हणो. तिने पुन्हा बटण दाबलं. पडदा खाली गेला नाही. पुन्हा दाबलं. नाही.

"सेटिंग आहे मॅडम," मुलगा म्हणाला. "करून देतो."

*

इंजिन एव्हाना गार झालं होतं. सुरू झालं, थोडा धूर, किंचित खडखड, मग शांत. "वयाच्या मानाने बरं आहे," असा निकाल आला. ऑईलचं झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन बघितलं, तेही बरं. मग उस्तादांनी दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला लांब दांड्याचा आरसा काढला आणि टॉर्च धरून इंजिनाच्या मधोमध डोकावले. बराच वेळ.

या गाडीचं इंजिन व्ही-6, म्हणजे तीन-तीन सिलिंडरांच्या दोन रांगा, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या कललेल्या. त्यांच्या मधल्या खोबणीत, सगळ्यांच्या खाली, ऑईल कूलर बसवलेला असतो, आणि त्याच्या बुडाशी रबरी सील. रबर ते रबर. दहा वर्षं तापून-निवून ते कडक होतं आणि तेल पाझरायला लागतं. त्यात ना कंपनीचा दोष, ना डॉक्टरांचा, ना त्यांच्या पेशंटचा. सील स्वस्त असतात. पण तिथवर पोचायला टर्बो, मॅनिफोल्ड आणि वरचा सगळा संसार उतरवून ठेवावा लागतो. मांडवात नथीतला मोती पडला म्हणून आख्खा मांडव सोडायचा, त्यातला प्रकार.

"पाझरतंय?" मी विचारलं.

"सुरू झालंय."

"थोडंच ना?"

उस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातलं स्वच्छ फडकं काढून तिथला काठ पुसला आणि फडकं नीट घडी करून परत खिशात ठेवलं. मला ते तेव्हा खटकायला हवं होतं.

कॉम्प्युटर जोडला तर एकही फॉल्ट नाही. मी हर्षभरित. उस्ताद गंभीर. "दहा वर्षांच्या गाडीत एक फॉल्ट नाही? साहेब, माझ्यात सात आहेत." मेमरी सकाळीच पुसलेली होती. टेस्ट ड्राइव्हला आम्ही हायवेने चांदणी चौकापर्यंत गेलो. तिथला नवा पूल ऑगस्टमध्येच खुला झालेला आणि मला त्याचे फाटे अजून सरावाचे नव्हते, त्यामुळे बावधनला वळायचं ते मी वारज्याच्या दिशेने बराच पुढे गेलो. पण काय सांगू, चुकीच्या रस्त्यावर इतकं सुख मला पूर्वी कधी लागलेलं नाही. खड्डा दिसत होता, लागत नव्हता. शेजारी उस्ताद डोळे मिटून बसले होते. गाडीचे आवाज ऐकताहेत असं मला वाटलं. परत आल्यावर पुन्हा कॉम्प्युटर जोडला तर अकरा फॉल्ट आपल्या घरी परतलेले होते.

आणि मीटर. मीटरवर 58,000. ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र गुळगुळीत, स्टिअरिंगचं कातडं चकाकलेलं. उस्तादांनी आपल्या जुन्या ओळखीने कोणाला तरी फोन लावून चेसी नंबर सांगितला, आणि दहा मिनिटांत सर्व्हिसच्या नोंदी आल्या. शेवटची नोंद 2019 ची: 1,12,000 किलोमीटर.

"टायपिंग मिस्टेक असेल सर."

म्हणजे चार वर्षांत गाडी चोपन्न हजार किलोमीटर रिव्हर्समध्ये चालली होती. इथे मात्र माझ्यातल्या वकिलालाही बाजू मांडता येईना.

सौ.ने संबंध दिवसात एकच प्रश्न विचारला. "लांबी किती?" काळ्या शर्टाने अभिमानाने सांगितलं, सव्वापाच मीटर. म्हणजे सतरा फूट. "आपलं पार्किंग सोळा फूट आहे," ती मला म्हणाली. "डिकी बाहेर ठेवायची, की तुम्ही?"

*

परतताना वॅगनआरमध्ये उस्तादांनी हिशेब मांडला. कागदावर नाही, बोटांवर, मघाचीच बोटं. हवेचा एक फुगा आज, बाकीचे तीन रांगेत. कॉम्प्रेसर दमलेला. ऑईल कूलरचं काम. चार टायर. दिल्लीची गाडी इथे नोंदवायची तर महाराष्ट्राचा रोड टॅक्स, आणि तो आज आपण मोजलेल्या किमतीवर नाही. वयाप्रमाणे सूट मिळते, पण मोजायला सुरुवात होते मूळ बिलापासून. टाकी नव्वद लिटरची, आणि डिझेलचा भावही नव्वदीच्या पुढे. म्हणजे एकदा टाकी भरायला आठ हजारांवर.

"तुम्ही पावणेचौदा लाखांची गाडी घेताय, हे फक्त तुम्हाला आणि त्या पोराला माहीत आहे," उस्ताद म्हणाले. "गाडीला माहीत नाही. ती अजून कोटीचीच आहे. गाडी म्हातारी होते साहेब, पार्ट म्हातारा होत नाही. तो दुकानात येतो तो नवाच असतो, नव्याच भावाने."

"पण तो तर म्हणाला, एक रुपयाचं काम नाही."

"खरंच म्हणाला. एक रुपयाचं एकही नाही."

मागच्या सीटवरून सौ. पहिल्यांदा मनापासून हसली. मी दोन हजार रुपये दिले. नाना पेठेत उतरताना उस्तादांनी सहज म्हणून विचारलं, तो पोरगा शेवटी किती म्हणत होता? बारापर्यंत येईल असं वाटतं, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली.

आईचा मोतीबिंदू झाला. ग्रिल झाली. एफडी झाली. रात्री झोपण्याआधी मी तो फोटो उघडून बघत असे, कोणाला सांगू नका. तीन आठवड्यांनी धीर करून त्या दुकानात फोन केला. गाडी गेली होती. "साडेनऊला दिली सर," काळा शर्ट म्हणाला. "फार घासाघीस केली पार्टीने. एकेक बोट मोजून दाखवलं."

त्याच महिन्यात वॅगनआरचा पुढचा लिंक रॉड वाजायला लागला म्हणून मी नाना पेठेत गेलो. गॅरेजच्या आतल्या बाजूला, ताडपत्रीखाली काहीतरी लांबलचक उभं होतं. सतरा फूट असावं. ताडपत्रीखालून मागचा डावा कोपरा जमिनीला टेकायला आलेला दिसत होता.

मी उस्तादांकडे बघितलं. उस्तादांनी पान्ह्याकडे बघितलं.

"तुम्हाला नका घेऊ म्हणालो," ते म्हणाले. "मला कुठे म्हणालो?"

"पण तो ऑईल कूलर? तो टॅक्स? मीटर?"

"साहेब," त्यांनी आवाज खाली आणला, "ते दार कसं लागतं, बघितलंत ना?"

वॅगनआरचा लिंक रॉड साडेसहाशे रुपयांत झाला. काळी गाडी मात्र अजून चार जॅकवर आहे. इंजिनाचा वरचा सगळा संसार उतरवून बाजूच्या फळीवर मांडलेला, आणि एक पार्ट यायचा आहे. दर रविवारी सकाळी मी नाना पेठेत जातो. उस्ताद गाडीखाली असतात, मी मागे डावीकडे बसतो, चहा तिथेच येतो. पडदा अजून वरच आहे.